गोड बंद करणं वेगळं, पिष्ट कमी करणं वेगळं

एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) सहाच्या आसपास आलं की सोलापुरात पहिली कुऱ्हाड पडते ती चहातल्या साखरेवर. तीन महिन्यांनी आकडा जिथल्या तिथं, आणि तक्रार ठरलेली: 'साखर तर बंद केलोय की ओ, मग कसं काय वाढलालंय?' हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. गोड बंद करणं आणि पिष्ट (म्हणजे धान्य-बटाट्यातला स्टार्च) कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बहुतेकांना जमतं. दुसऱ्याला कुणी हातच घालत नाही.

आकडे तुम्हाला माहीत असतील, तरी एका ओळीत: उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा. त्याच्या वर गेलं की मधुमेह.

गोडाबद्दलही फार बोलत नाही. पेढे, थंड पेयं, संक्रांतीच्या शेंगापोळ्या कमी केल्यात, उत्तम. फक्त गूळ, काकवी आणि मध हे साखरेचेच भाऊबंद आहेत. 'आमच्याकडं गुळाचा चहा असतो' असं अभिमानानं सांगणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. १०० ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं (साखर आणि पिष्ट दोन्ही यातच येतात) असतात. उरलेल्या चिमूटभर लोहासाठी गूळ खायचा असेल तर त्यापेक्षा मेथीची भाजी खा.

आता खरं दुखणं. ज्वारी, गहू, तांदूळ, पोहे, साबुदाणा, बटाटा यांतलं पिष्ट जिभेला गोड लागत नाही, म्हणून ते कुणाच्या हिशोबात येत नाही. पण पिष्ट म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. पचताना ती तुटते आणि सगळं ग्लुकोज रक्तात उतरतं. साखरेच्या दाण्यात ग्लुकोज निम्मंच असतं, उरलेलं निम्मं फ्रुक्टोज. म्हणजे नुसतं तोलून पाहिलं तर पिष्टातूनच जास्त ग्लुकोज निघतं. (म्हणून साखर सुटली असं नाही. जास्तीच्या फ्रुक्टोजची यकृतात चरबी होते, आणि तीही याच दुखण्याला खतपाणी घालते.)

घरचाच हिशोब करू. दिवसाला तीन कप चहा, कपाला एक चमचा साखर, म्हणजे झाली १५ ग्रॅम. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीला ६०-६५ ग्रॅम पीठ लागतं, त्यात कर्बोदकं ४० ते ४५ ग्रॅम. दुपारी दोन, रात्री दोन भाकरी आणि वर 'थोडासा' भात. दोनशे ग्रॅमच्या घरात गेलात. वाचवले पंधरा.

लगेच उत्तर येतं, 'ज्वारी आहे की, ज्वारीनं काय होतंय?' मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यावर 'हवी तेवढी खा' असं कुठं लिहिलेलं नाही. मैद्यापेक्षा किंवा पांढऱ्या भातापेक्षा ती नक्कीच बरी. तंतुमय भाग जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण गव्हाच्या पिठाशेजारी ठेवली तर कर्बोदकांत जेमतेम फरक. ज्वारी की गहू, हा वाद चवीसाठी घाला. आकडा हलतो तो किती खाल्लं यावर.

सगळ्यात फसवी म्हणजे आपली कडक भाकरी. हातात घेतली तर वजनच लागत नाही, म्हणून ती 'हलकी' समजली जाते. उडून गेलंय ते पाणी. पीठ होतं तेवढंच आहे. पातळ असते, एकीत पीठ कमी बसतं, हे खरं. पण एकदा आमटीत चुरायला घेतली की दुसरी कधी गेली आणि तिसरी कधी मोडली ते कळत नाही, कारण वाटीत सगळी मऊ होऊन बसलेली असते. नाश्त्याच्या सुशीलाचंही (फोडणीच्या चुरमुऱ्यांचंही) तेच. चुरमुरे फुगलेले असतात म्हणून हलके वाटतात, पण असतो तो तांदूळच, आणि तोही झटपट पचणारा. एकादशीचं तर बोलायलाच नको. 'आज धान्य नाही' म्हणून साबुदाण्याची खिचडी, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

भाकरी अजिबात सोडा, असं मी म्हणणार नाही. तसं करणारे आठवड्यात परत चार भाकरींवर येतात. एका वेळी एक घ्या आणि रिकाम्या झालेल्या जागी काहीतरी भरा. बहुतेक जण इथंच घसरतात. भाकरी कमी करतात, आमटी मात्र पाण्यासारखीच ठेवतात, आणि संध्याकाळी भुकेनं फरसाणावर तुटून पडतात. डाळ दाट करा, मटकीची किंवा हुलग्याची उसळ वाटीभर घ्या, भाजी दुप्पट वाढा. ताटात आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी असा क्रम ठेवला तर रक्तातली साखर सावकाश चढते. शेंगाचटणी बिनधास्त घ्या, दाण्यांत चौथा हिस्सा प्रथिनं असतात. वरून तेलाची धार मात्र नको. उष्मांकही शेवटी मोजावेच लागतात.

कारण वजनही उतरायला हवं. अमेरिकेतल्या 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम'चे निष्कर्ष २००२ साली आले. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, असं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. कारल्याच्या रसाचा गट तिथं नव्हता.

व्यायामाचं थोडक्यात. माग चालवताना दिवसभर उभं राहणं म्हणजे भरभर चालणं नव्हे. जेवणानंतरची पंधरा मिनिटं सगळ्यात कामाची, कारण चालणारे स्नायू रक्तातलं ग्लुकोज तेव्हाच ओढून घेतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी ते शक्य नाही, मान्य, मग रात्री जेवून गल्लीत फिरा. पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारून परतताना उडीदवडे हाणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, पंधरा दिवसांत परत तपासून पैसे घालवू नका. अंगात लोह कमी असेल तर ते उगाच जास्तही दिसू शकतं, तेव्हा उपाशीपोटीची तपासणी सोबत करा. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर ग्लुकोमीटर घ्या. एक दिवस नेहमीसारख्या दोन भाकरी खाऊन दोन तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच आमटीबरोबर एकच भाकरी आणि वाटीभर उसळ खाऊन मोजा. दोन्ही दिवस चहा मात्र बिनसाखरेचाच घ्या.