पॅथॉलॉजी रेसिडेन्सीआधी अमेरिकेत: इलेक्टिव्ह की ऑब्झर्व्हरशिप?

अमेरिकेत पॅथॉलॉजीची (शरीरातले नमुने तपासून रोगनिदान करण्याची शाखा) रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं विशेष प्रशिक्षण, करायचं ठरवलेले एमबीबीएसचे विद्यार्थी ‘इलेक्टिव्ह’ आणि ‘ऑब्झर्व्हरशिप’ हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. दोन्हींत चारेक आठवडे त्याच विभागात, त्याच मायक्रोस्कोपसमोर जातात, त्यामुळे गल्लत होणारच. पण कागदावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हिसापासून शिफारसपत्रापर्यंत सगळं त्या कागदावर ठरतं.

इलेक्टिव्ह विद्यार्थ्यासाठी असते. तुमचं कॉलेज तुम्हाला पाठवतं, तिकडचं मेडिकल स्कूल तात्पुरता विद्यार्थी म्हणून नोंदवून घेतं आणि शेवटी मूल्यमापनाचा फॉर्म भरून देतं. पदवी मिळाली की हे दार बंद. इलेक्टिव्हसाठी मिळणारा बी-1 व्हिसाही परदेशी मेडिकल कॉलेजात अजून शिकत असलेल्यांसाठीच आहे. इंटर्न मात्र अधांतरी असतात: फायनल पास झालेली असते, पण इंटर्नशिप संपल्याशिवाय पदवी नाही. काही स्कूल त्यांना विद्यार्थी मानतात, काही मानत नाहीत. फी भरण्याआधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. रजेपेक्षा जास्त दिवस तिकडे गेलात तर इकडची इंटर्नशिप तेवढी लांबते, हेही धरून चाला.

ऑब्झर्व्हरशिप पदवीधरालाही मिळते. तिथे तुम्ही पाहुणे असता. बघायचं, ऐकायचं, विचारायचं. हात लावायचा नाही.

मेडिसिन किंवा सर्जरीत हा फरक फार मोठा आहे, कारण ऑब्झर्व्हरला पेशंट तपासता येत नाही. पॅथॉलॉजीत तो बराच कमी होतो. रेसिडेंटचं खरं शिक्षण साइन-आउटच्या (रिपोर्ट अंतिम करण्याच्या) आधी होतं: स्लाइड्सचा ट्रे घेऊन एकट्याने बसायचं, स्वतःचं निदान लिहायचं आणि मग अटेंडिंगसमोर, म्हणजे जबाबदार वरिष्ठ डॉक्टरसमोर, ते टिकतं का ते बघायचं. याला प्रीव्ह्यू म्हणतात. काचेच्या स्लाइडला हात लावल्याने पेशंटला काही होत नाही, म्हणून बरेच विभाग ऑब्झर्व्हरलाही ट्रे देतात. मात्र तो मागावा लागतो. न मागणारा महिनाभर मल्टिहेड (अनेकांना एकदम बघता येणाऱ्या) मायक्रोस्कोपच्या टोकाच्या आयपीसला डोळा लावून मान डोलावत राहतो, आणि त्याच्याबद्दल पत्रात लिहिण्यासारखं काहीच उरत नाही.

खरा फरक पडतो ग्रॉसिंगच्या टेबलाशी, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला नमुना डोळ्यांनी तपासून कापतात तिथे. इलेक्टिव्हवाल्याला अपेंडिक्स, गॉलब्लॅडर यांसारखे साधे नमुने देखरेखीखाली कापायला मिळू शकतात: मोजमाप, मार्जिनला (नमुन्याच्या कापलेल्या कडेला) शाई, 3 ते 4 मिलिमीटरचे तुकडे कॅसेटमध्ये (छोट्या जाळीदार डबीत), वर्णन डिक्टेट करणं. कोलनच्या कॅन्सरच्या नमुन्यात निदान 12 लिम्फ नोड शोधायचे असतात, आणि चरबीत ते बोटांनी चाचपडून काढण्याचं काम नुसतं पाहून येत नाही. ऑब्झर्व्हर इथे मागे उभा असतो. लॅबच्या संगणकाचं लॉगिनही त्याला सहसा मिळत नाही, त्यामुळे पेशंटची आधीची बायोप्सी काय होती हे कुणी सांगेल तेव्हाच कळतं. फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच नमुना गोठवून केलेली तपासणी, मात्र दोघांनाही जवळून बघता येतो. सुमारे 20 मिनिटांत उत्तर द्यायची घाई असते तिथे विद्यार्थी असो वा पाहुणा, दोघांनीही बाजूला उभं राहिलेलंच बरं.

म्हणून जागा निवडताना नावावर जाऊ नका. प्रीव्ह्यू मिळतो का, ग्रॉसिंग करू देतात का, एकाच अटेंडिंगबरोबर सलग किमान दोन आठवडे बसता येतं का, आणि तिथे पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी चालते का, हे विचारा. रेसिडेंट्सना रोज शिकवणाऱ्या अटेंडिंगचं ऑब्झर्व्हरशिपनंतरचं पत्र हे एजंटने विकलेल्या, रेसिडेन्सी नसलेल्या खासगी लॅबमधल्या ‘इलेक्टिव्ह’च्या पत्रापेक्षा कितीतरी जड ठरतं. दर आठवड्याला वेगळा अटेंडिंग असेल तर चौघांनाही तुमचा चेहरा आठवेल, काम आठवणार नाही.

ईआरएएसवरचे (रेसिडेन्सीच्या अर्जांची ऑनलाइन यंत्रणा) अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस प्रोग्रॅमना दिसू लागतात. तोवर पत्र अपलोड व्हायला हवं, म्हणजे रोटेशन (विभागातला हा काही आठवड्यांचा काळ) ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपलेलं बरं. पत्र स्वतः वाचण्याचा हक्क सोडून द्या. हा हक्क न सोडलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो.

सगळ्यात जास्त घोळ लसीकरणाच्या फॉर्मवर होतो. बीसीजी लशीमुळे मॉन्टू टेस्ट (क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि स्पष्टीकरणं सुरू होतात. तिकडे चालत असेल तर सरळ आयजीआरए ही क्षयरोगाचीच रक्ततपासणी करून घ्या. हिपॅटायटिस बीचा अँटीबॉडी टायटर (रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण) 10 च्या खाली आला तर पुन्हा डोस घ्यावे लागतात आणि पूर्ण कोर्स 0, 1, 6 महिन्यांचा असतो. त्यामुळे ही तपासणी निघायच्या वर्षभर आधी करा. इलेक्टिव्हसाठी डीन ऑफिसचं पत्रही लागतं आणि बऱ्याच ठिकाणी मालप्रॅक्टिस विमाही (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा).

अर्जात जे होतं तेच लिहा. ऑब्झर्व्हरशिपला इलेक्टिव्ह म्हटलंत तर इंटरव्ह्यूत ‘ग्रॉसिंग काय काय केलंत?’ या पहिल्याच प्रश्नाला पंचाईत होते. एकापेक्षा जास्त रोटेशनची संधी असेल तर दुसरं पॅथॉलॉजीचं घेऊ नका. हिमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजी किंवा कॅन्सर सर्जरी घ्या. रिपोर्टमधल्या कोणत्या ओळीवर उपचार बदलतात हे तिथेच कळतं, आणि पॅथॉलॉजीबाहेरचं जे एक पत्र जोडायला हवं तेही तिथूनच मिळतं.