वाढीचा ब्रेक कुठे असतो?

गटारी जवळ आली की चिकनच्या दुकानासमोर रांग लागते आणि फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ब्रॉयलर कोंबड्यांना ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं देतात, ती खाल्ली की कॅन्सर होतो. हल्ली त्याला ‘मुली लवकर वयात येतात’ असं शेपूटही जोडलेलं असतं. पाठवणारे बहुतेकदा चांगले शिकलेले काका-मावश्या असतात, त्यामुळे उत्तर देणं जास्तच अवघड होतं.

आधी कोंबडीचं उरकून टाकू. ग्रोथ हॉर्मोन हे प्रथिन आहे. पोटात गेलं की वरणातल्या प्रथिनाचं जे होतं तेच त्याचं होतं, म्हणजे तुकडे. इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं ते याच कारणानं. शिवाय रक्तात हे हॉर्मोन पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं. म्हणजे पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकीला धरून वारंवार टोचत बसायचं. किलोमागे मोजके रुपये सुटणाऱ्या धंद्यात हे कोण करेल? कोंबडी झपाट्यानं वाढते ती पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण एकाच प्रकारचं खाद्य देऊन शेजारी शेजारी वाढवले गेले. ५६ दिवसांनी त्यांची वजनं भरली अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, जनुकं वेगळी. वयात येण्यामागे तर वेगळीच हॉर्मोन असतात, ग्रोथ हॉर्मोनला त्यात ओढायचं कारण नाही. काळजी करायचीच असेल तर खाद्यातून दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सची करावी. कोलिस्टिनसारखं माणसासाठी राखून ठेवायचं औषध पशुखाद्यात वापरण्यावर आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. त्यावर मात्र कुणी मेसेज फिरवत नाही.

पण या भीतीच्या तळाशी एक रास्त प्रश्न आहे. आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या ग्रोथ हॉर्मोनचा कर्करोगाशी काही संबंध असतो का? असतो. तो समजून घ्यायचा तर हे हॉर्मोन पेशीच्या दारात नेमकं काय करतं ते पाहायला हवं. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

मेंदूच्या तळाशी जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची पीयूष ग्रंथी असते. ती हे हॉर्मोन थोडं थोडं, झटक्या-झटक्यानं रक्तात सोडते. सगळ्यात मोठा झटका रात्री गाढ झोप लागल्यावर येतो. यकृतात पोचलं की ते यकृताला दुसरं एक हॉर्मोन बनवायला लावतं, आयजीएफ-१. हाडं लांबवणं, पेशींना विभाजनासाठी तयार करणं, यांतलं बरंचसं काम हे आयजीएफ-१ करतं.

आता अडचण अशी की ग्रोथ हॉर्मोन पेशीच्या आत शिरतच नाही. ते १९१ अमिनो आम्लांचं, चार मळसूत्री दांड्यांची जुडी बांधावी तसं घडी घातलेलं प्रथिन आहे. तेलकट पेशीपटल त्याला ओलांडता येत नाही. मग बाहेर बसून आतल्या डीएनएपर्यंत निरोप कसा पोचवायचा? पटलात ग्राही, म्हणजे रिसेप्टर, रोवलेला असतो. त्याचा थोडा भाग बाहेर, एक दांडी पटलातून आरपार आणि शेपूट आत. या ग्राहीत स्वतःची रासायनिक क्रिया करण्याची ताकद नाही. ती असते त्याच्या आतल्या शेपटीला चिकटलेल्या जॅक-२ नावाच्या एन्झाइमात. जॅक-२ चं काम दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणं. फॉस्फेट चिकटलं की ते प्रथिन कामाला लागतं.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या जेनेन्टेक कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी हॉर्मोन आणि ग्राही एकत्र असलेल्या स्फटिकाची क्ष-किरणांनी रचना काढली. तिथे दिसलं की हॉर्मोन एक आणि त्याला धरून बसलेले ग्राही दोन. दोन्ही ग्राही हुबेहूब सारखे, पण हॉर्मोनच्या दोन बाजू मुळीच सारख्या नाहीत. एक बाजू पहिल्या ग्राहीला घट्ट धरते, दुसरी तुलनेनं सैल. त्यातून एक गंमत निघते. हॉर्मोन भरमसाट ओतलं तर संकेत वाढण्याऐवजी घटतो, कारण प्रत्येक ग्राहीला घट्ट बाजूनं आपापला हॉर्मोन मिळतो आणि एकच हॉर्मोन दोन्ही ग्राहींना धरून बसतच नाही. ‘जास्त हॉर्मोन म्हणजे जास्त वाढ’ हे गणित इथे रेणूंच्या पातळीवरच गडबडतं.

त्याच सुमाराला ओहायो विद्यापीठात जॉन कॉपचिक यांच्या प्रयोगशाळेत गाईच्या ग्रोथ हॉर्मोनमधलं एकच अमिनो आम्ल बदललं होतं. सैल बाजूच्या मधोमध ग्लायसीन असतं, सगळ्यात छोटं अमिनो आम्ल. त्याच्या जागी आर्जिनीन हे लांबलचक अमिनो आम्ल घातलं आणि हे जनुक उंदरांमध्ये सोडलं. ज्यादा हॉर्मोन मिळालेले उंदीर मोठे व्हायला हवे होते. ते खुजे निघाले. बदललेलं हॉर्मोन पहिल्या ग्राहीला धरत होतं, पण दुसऱ्याची पकड बसत नव्हती, आणि जागा अडवून ठेवल्यामुळे उंदराच्या स्वतःच्या हॉर्मोनलाही वाव मिळत नव्हता. याच कल्पनेवरचं पेगव्हिसोमंट हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पीयूष ग्रंथीतल्या गाठीमुळे ज्यांचे हात-पाय आणि जबडा प्रौढ वयातही वाढत राहतात, त्या अ‍ॅक्रोमेगॅलीच्या रुग्णांना ते देतात.

बरीच वर्षं असं मानलं जात होतं की सुटे फिरणारे दोन ग्राही हॉर्मोनमुळे एकत्र येतात आणि काम सुरू होतं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटानं दाखवलं की ग्राही आधीपासूनच जोडीनं उभे असतात. मग हॉर्मोन काय करतं? जोडीला पीळ देतं. बाहेरच्या बाजूनं पीळ पडला की पटलातल्या दोन दांड्या एकमेकींवरून सरकतात आणि आतल्या बाजूला त्यांची टोकं फाकतात. प्रत्येक जॅक-२ मध्ये एक काम करणारा भाग असतो आणि त्याच्यासारखाच दिसणारा, पण जवळपास निकामी असा दुसरा. शांत अवस्थेत एकाचा निकामी भाग दुसऱ्याच्या कामकरी भागावर दाबून बसलेला असतो. दोघांनी एकमेकांच्या तोंडावर हात ठेवावा, तसं. टोकं फाकली की हात सुटतात. दोन्ही जॅक-२ एकमेकांना फॉस्फेट लावतात, मग ग्राहीच्या शेपटीला, मग स्टॅट-५ या प्रथिनाला. दोन स्टॅट-५ जोडीनं केंद्रकात जाऊन डीएनएला चिकटतात आणि आयजीएफ-१ चं जनुक वाचलं जाऊ लागतं. ते सॉक्स-२ नावाचं आणखी एक प्रथिनही बनवायला लावतात, आणि हे सॉक्स-२ परत येऊन ग्राहीचंच काम थांबवतं. सॉक्स-२ चं जनुक काढून टाकलेले उंदीर नेहमीपेक्षा ३० ते ४० टक्के मोठे होतात.

इथपर्यंत वाचताना दमछाक झाली असेल तर एवढंच धरून ठेवा: यंत्र चालू करणं म्हणजे इथे ब्रेक काढणं. कर्करोगाचा धागा याच ब्रेकला बांधलेला आहे.

२००५ मध्ये एकापाठोपाठ एक अशा चार गटांनी एकच शोध प्रसिद्ध केला. पॉलिसायथेमिया व्हेरा हा संथ चालीचा रक्ताचा कर्करोग. त्यात लाल पेशी इतक्या वाढतात की रक्त दाट होऊन गुठळ्या होतात. त्याच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांच्या रक्तपेशींमध्ये जॅक-२ चं ६१७ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललेलं असतं, व्हॅलीनऐवजी फिनिलअ‍ॅलनीन. आणि ही ६१७ वी जागा कुठे आहे? त्या निकामी भागात. लाल पेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या हॉर्मोनच्या ग्राहीलाही हेच जॅक-२ चिकटलेलं असतं. ब्रेक बिघडल्यामुळे हॉर्मोन नसतानाही निरोप आत जात राहतो. या रुग्णांच्या रक्तात एरिथ्रोपोएटिन उलट कमीच सापडतं.

म्हणून ‘हॉर्मोनमुळे कॅन्सर’ ही घाईची भाषा मला पटत नाही. अ‍ॅक्रोमेगॅलीच्या रुग्णांत वर्षानुवर्षं ग्रोथ हॉर्मोनचा पूर असतो. त्यांना मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला सांगतात, कारण तिथे गाठी जास्त सापडतात. पण म्हणून त्यांच्यात कर्करोगाची साथ उसळलेली नसते. पेशी बेबंद होते ती तिला बाहेरच्या निरोपाची गरज उरत नाही तेव्हा.

मग हॉर्मोनचा वाटा कितपत? याचं उत्तर इक्वेडोरमधल्या खेड्यांतून आलं. देशाच्या दक्षिणेला, लोहा प्रांतात आणि आसपास, शंभरेक माणसं अशी आहेत की त्यांच्या ग्रोथ हॉर्मोनचा ग्राहीच धड बनत नाही. इस्रायलच्या झ्वी लॅरॉन यांनी १९६६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं, म्हणून तो लॅरॉन सिंड्रोम. उंची साडेतीन-चार फूट, रक्तात ग्रोथ हॉर्मोन भरपूर, आयजीएफ-१ नावाला. डॉक्टर हाइमे ग्वेवारा-अगिरे यांनी अशा ९९ जणांची दोन दशकांहून जास्त काळ नोंद ठेवली. २०११ मध्ये त्यांनी आणि कॅलिफोर्नियातल्या वाल्टर लाँगो यांनी निष्कर्ष मांडले: कर्करोग एका बाईला, तोही जीवघेणा नाही. मधुमेह एकालाही नाही, आणि अनेकजण चांगले लठ्ठ असूनही नाही. त्याच घरांतल्या सर्वसाधारण उंचीच्या नातेवाइकांत कर्करोग १७ टक्के, मधुमेह ५ टक्के. आकडा लहान आहे हे खरं, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. ही माणसं त्यामुळे शतायुषी होतात असं मात्र नाही. अपघात आणि दारू यांनी त्यांच्यातले बरेच गेले.

या अभ्यासातला एक साधा प्रयोग मला आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. स्तनाच्या ऊतीतल्या माणसाच्या पेशी बशीत वाढवल्या. काहींना लॅरॉनच्या माणसांच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, दिलं, काहींना नातेवाइकांचं. मग हायड्रोजन पेरॉक्साइडनं त्यांचा डीएनए जखमी केला. लॅरॉनचं सीरम मिळालेल्या पेशींच्या डीएनएत तुटी कमी दिसल्या, पण ज्यांचं जास्तच बिघडलं त्या पेशी जास्त प्रमाणात स्वतःहून मेल्या. त्याच सीरममध्ये आयजीएफ-१ मिसळलं तर हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे आयजीएफ-१ फक्त वाढ करा असं सांगत नाही, ते ‘मरू नका’ असंही सांगतं. धडधाकट पेशीला हा सल्ला ठीक. डीएनए फाटलेल्या पेशीला तो मिळाला तर ती जगते, विभागते आणि पुढचा बिघाड गोळा करायला मोकळी राहते.

हे सगळं ठाऊक असूनही ‘अँटी-एजिंग’च्या नावाखाली साठीच्या माणसांना ग्रोथ हॉर्मोन टोचण्याचा धंदा जोरात आहे. त्याचं मूळ १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात. त्यात साठीपुढच्या फक्त १२ पुरुषांना सहा महिने हॉर्मोन दिलं, चरबी घटली आणि स्नायू वाढले. एवढ्यावर लोकांनी तारुण्याचा झरा सापडल्याची दवंडी पिटली. अंगावर सूज, सांधेदुखी, वाढलेली साखर यांचा जाहिरातीत उल्लेख नसतो. जिममध्ये त्याच नावानं विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि स्प्रे यांची बाब निराळी. त्यांत हॉर्मोन असलंच तरी त्याचं पोटात वरणच होणार, नुकसान फक्त खिशाचं.

उलट दिशेनं, म्हणजे आयजीएफ-१ चा ग्राहीच अडवून कर्करोग रोखायचा, असाही प्रयत्न झाला. तर्क बिनतोड वाटत होता, मोठमोठ्या कंपन्यांनी त्या ग्राहीला चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवली. फायझरच्या फिजिटुमुमॅबची फुप्फुसाच्या कर्करोगावरची मोठी चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांना फायदा तर नव्हताच, उलट त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम आणि मृत्यू जास्त दिसत होते. ग्राही अडवला की शरीर ग्रोथ हॉर्मोन आणि इन्शुलिन दोन्ही वाढवतं, आणि गाठीतल्या पेशी इन्शुलिनच्या ग्राहीवरून तोच निरोप घेऊ शकतात. लॅरॉनची माणसं जन्मापासून या संकेताविना वाढलेली. साठाव्या वर्षी, गाठ झाल्यावर, एक दार बंद करणं हे वेगळं प्रकरण होतं.

त्याच जातीचं टेप्रोटुमुमॅब नावाचं दुसरं प्रतिपिंड रोश कंपनीनं कर्करोगासाठी तयार केलं होतं. तिथे ते चाललं नाही. नंतर ते दुसऱ्या हातांत गेलं आणि २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, थायरॉइडच्या विकारात डोळे बाहेर येतात त्यावरचं औषध म्हणून. त्यानं डोळे खरोखर मागे जातात. रुग्णांची साखर मात्र वाढते आणि काहींना ऐकू कमी येऊ लागतं.