अननोन प्लेझर्स : मुखपृष्ठाची संकल्पना

अननोन प्लेझर्स : मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या रॉक बँडची पहिली ध्वनिमुद्रिका (फॅक्टरी रेकॉर्ड्स, १९७९). काळ्या पार्श्वभूमीवर उमटलेल्या पांढऱ्या रेघांचे तिचे मुखपृष्ठ गाण्यांइतकेच प्रसिद्ध आहे. डोंगररांगेसारखी भासणारी ही आकृती कोणा चित्रकाराची कल्पना नसून एका ताऱ्याकडून आलेल्या रेडिओ-स्पंदांचा आलेख आहे.

जोसलिन बेल यांना १९६७ मध्ये केंब्रिज येथे आढळलेला पहिला स्पंदक तारा, म्हणजेच पल्सर, सीपी १९१९ या नावाने ओळखला गेला. त्याचे स्पंद दर १.३३७ सेकंदांनी पृथ्वीवर पोहोचतात. पोर्तो रिकोतील अरेसीबो दुर्बिणीने टिपलेले असे ८० लागोपाठचे स्पंद हॅरल्ड क्राफ्ट यांनी कॉर्नेल विद्यापीठातील आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी (१९७०) संगणकाकरवी एकाखाली एक रेखाटून घेतले. प्रत्येक स्पंदाचा आकार थोडा बदलतो, त्या बदलात काही क्रम दिसतो का, हे त्यांना तपासायचे होते. रेघा एकमेकींत गुंतून काहीच कळेना, तेव्हा पुढच्या उंचवट्याआड येणारा मागच्या रेघेचा भाग गाळण्याची सोय त्यांनी प्रोग्रॅममध्ये केली. डोंगरांचा भास होतो तो या निव्वळ व्यावहारिक सोयीमुळे. पुढे विद्यापीठातील एका आरेखक स्त्रीने तो आलेख शाईने गिरवला.

केंब्रिजच्या खगोलशास्त्रीय विश्वकोशात (१९७७) पांढऱ्यावर काळा असा छापलेला हा आलेख बँडमधल्या मंडळींच्या नजरेस पडला आणि त्यांनी तो पीटर सॅव्हिल या तरुण आरेखनकाराच्या हाती दिला. वेष्टन बाहेरून पांढरे असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. सॅव्हिल यांनी रंग उलटे केले, आकृती लहान करून मधोमध ठेवली, भोवती भरपूर काळी जागा सोडली आणि वेष्टनासाठी बोटांना खरखरीत लागणारा कागद निवडला. दर्शनी बाजूवर बँडचे नाव नाही, ध्वनिमुद्रिकेचेही नाही. नवख्या बँडच्या पहिल्याच तबकडीसाठी हे धाडसच म्हणायचे. सॅव्हिल यांचे श्रेय आकृती घडवण्यापेक्षा ती न बिघडवण्यात अधिक आहे.

क्राफ्ट यांना या सगळ्याची कल्पना नव्हती. पुढे एका सहकाऱ्याकडून कळल्यावर ते दुकानात गेले आणि स्वतःच्याच आलेखाची ती तबकडी विकत घेऊन आले.