बेसिक एवढं कमी का? पगाराच्या चिठ्ठीमागची पार्श्वभूमी

नोकरी बदलताना निघणारे प्रश्न ठरलेले असतात. सीटीसी (कंपनीला माणसामागे येणारा एकूण खर्च) एवढं सांगितलं, मग हातात इतकंच कसं? पीएफ (भविष्य निर्वाह निधी) नेमका कशावर कापतात? ओटी (ओव्हरटाइम) दुप्पट म्हणतात, तर माझी दुप्पट एवढी तोकडी का? सोडताना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, किती बसेल? या सगळ्यांचं मूळ सॅलरी स्लिपच्या पहिल्या ओळीत असतं. ती ओळ म्हणजे बेसिक, अर्थात मूळ वेतन, आणि बऱ्याच ठिकाणी ती एकूण पगाराच्या तिसऱ्या हिश्शावर येऊन थांबलेली दिसते. उरलेला पगार भत्त्यांच्या नावानं वाटलेला असतो. हे आपोआप घडलेलं नाही.

पगाराचे असे तुकडे पाडण्याची सवय मुंबईच्या गिरण्यांपासूनची. पहिल्या महायुद्धात भाव चढले तेव्हा मालकांनी मूळ दराला हात न लावता १९१७ साली वर १० टक्के दिले आणि पुढे ते वाढवत नेले. मूळ दर एकदा वाढवला की खाली आणताना संप होतो, वरचं मात्र कधीही काढून घेता येतं, असा त्यांचा हिशेब होता. तो निम्माच खरा ठरला. असंच वरचं देणं असलेला १९२३ चा बोनस नाकारला तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये गिरण्या बंद पडल्या आणि संप मार्चपर्यंत चालला. चौकशीसाठी बसलेल्या समितीनं कामगारांचा या बोनसवर कायदेशीर हक्क नाही, असा निष्कर्ष दिला. दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता आला, तो राहणीमानाच्या निर्देशांकाला बांधला गेला. १९४७ च्या निवाड्यात गिरणी कामगाराचं किमान मूळ वेतन २६ दिवसांना ३० रुपये ठरलं, आणि लवकरच महागाई भत्ता या मूळ वेतनाच्या पुढे गेला. महिन्याचे २६ दिवस धरण्याची ही रीत पुढे ग्रॅच्युइटीच्या सूत्रातही दिसते.

खरी गुंतागुंत १९५२ पासूनची. भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला तेव्हा तो फक्त सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कपात होती सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयाला एक आणा, आणि तेवढेच मालकाचे. पुढे हा दर ८, मग १० आणि १९९७ पासून बहुतेक ठिकाणी १२ टक्के झाला. पण टक्का कशाचा, यावर कायदा दोन तोंडांनी बोलत होता. व्याख्येच्या कलमानं ‘मूळ वेतन’ म्हणजे कामावर असताना किंवा पगारी रजेवर मिळणारं सगळं, असं सांगितलं आणि लगेच त्यातून महागाई भत्ता, घरभाडे, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन ‘आणि तत्सम इतर भत्ते’ वगळले. वर्गणीच्या कलमानं मग महागाई भत्ता परत आत घेतला. घरभाडं बाहेरच राहिलं. ‘तत्सम इतर’ या दोन शब्दांवर पुढची सदुसष्ट वर्षं वकिलांची चूल पेटती राहिली.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं उत्पादन बोनसच्या प्रकरणात एक कसोटी दिली. जे सगळ्यांना सरसकट, नेहमी आणि आवश्यक म्हणून मिळतं ते मूळ वेतन. जे जास्त काम केलं तर किंवा संधी घेतली तरच मिळतं ते वेगळं. कसोटी स्वच्छ होती, पण ती फारशी कुणी वापरली नाही, कारण त्या काळात कारखान्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळूनच जवळपास सगळा पगार होत असे. युनियन करार करायची, डीए निर्देशांकाबरोबर हलायचा, बाकी भत्ते किरकोळ होते. रात्रपाळी, धुलाई, सायकल असले.

हे बदललं ते नव्वदीच्या दशकात. गिरण्या बंद पडत गेल्या, भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या कारखान्यांत आणि नंतर हिंजवडीत कराराची जागा ऑफर लेटरनं घेतली. सीटीसी हा आकडा याच काळात रुळला. मालकाचा पीएफचा हिस्सा तर त्यात आलाच, शिवाय ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के असाही एक आकडा आला. हे १५ (वर्षामागे मिळणारे दिवस) भागिले २६ (महिन्याचे दिवस) भागिले १२ चं उत्तर. पाच वर्षं पूर्ण न करता जो जातो त्याला यातला एक पैसा मिळत नाही, पण त्याच्या पॅकेजमध्ये ते दरवर्षी मोजलेलं असतं. याला लबाडी म्हणायचं की हिशेबाची पद्धत, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत शब्दांच्या निवडीवरून कळलंच असेल.

प्राप्तिकरानंही याच दिशेला ढकललं. घरभाड्याची सवलत मुंबईत बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि पुण्यात ४० टक्क्यांपर्यंत होती, म्हणून घरभाडं त्या मापानं लिहायचं. वाहतुकीचे महिना ८०० रुपये करमुक्त, २०१५ पासून १,६००. वैद्यकीय बिलांचे वर्षाला १५,०००, म्हणून महिना १,२५०. २०१८ मध्ये या दोन सवलती काढून सरसकट वजावट आली, तरी १,६०० आणि १,२५० हे आकडे आजही कित्येक स्लिपवर तसेच छापलेले सापडतात. सॉफ्टवेअरमधला साचा कुणी उघडलाच नाही. एवढं सगळं लिहून जे शिल्लक राहील ते ‘स्पेशल अलाउन्स’. तो कशासाठी दिला याचं उत्तर कुणाकडेच नसतं, कारण तो बेरीज जुळवण्यासाठी दिलेला असतो.

महाराष्ट्रात या नावाचा आणखी एक घोळ आहे. किमान वेतनाच्या अधिसूचनेतही ‘विशेष भत्ता’ असतो, पण तो राहणीमानाशी जोडलेला आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा, म्हणजे खरा महागाई भत्ताच. त्यावर पीएफ लागण्याबद्दल वाद असायचं कारण नाही. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या ठेकेदारांकडे हे दोन विशेष भत्ते एकमेकांत मिसळले गेले, कधी अजाणता, कधी चांगलं जाणून. एकीकडे ‘किमान वेतन देतो’ म्हणून सगळी बेरीज दाखवायची आणि पीएफच्या चलनात त्यातला निम्माच आकडा भरायचा, असा हा प्रकार.

एक नमुन्याची स्लिप घेऊ, साधारण २०१६ सालची. एकूण १८,०००. बेसिक ९,०००, घरभाडं ३,६००, वाहतूक १,६००, स्पेशल ३,८००. पीएफ कापला ९,००० वर, १,०८० रुपये. घरभाडं सोडून बाकी सगळं धरलं तर १४,४०० वर १,७२८ होतात. फरक ६४८ रुपयांचा, आणि तितकाच मालकाच्या बाजूनं. हातात जास्त येतात म्हणून कामगार खूश, खर्च वाचतो म्हणून मालक खूश. निवृत्तीच्या वेळी कोण खूश असतं हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पीएफ कार्यालयानं नोव्हेंबर २०१२ मध्ये परिपत्रक काढून ही फोड धरायची नाही असं अधिकाऱ्यांना कळवलं. डिसेंबर उलटायच्या आतच ते स्थगित झालं. उद्योगांच्या संघटनांची ओरड होती, आणि हातातला पगार कमी होईल म्हणून काही नोकरदारांचीही. देशभरातल्या उच्च न्यायालयांचे निकाल तोवर वेगवेगळ्या दिशांना गेलेले होते.

ते सगळे धागे २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयात एकत्र आले. पाच प्रकरणं एकदम होती, त्यात पश्चिम बंगालमधली एक शाळा आणि बाकी कारखानेवाले. वादातले भत्ते वाहतुकीचे, शिक्षणाचे, वैद्यकीय, रात्रपाळीचे, व्यवस्थापनाचे आणि अर्थात विशेष. न्यायालयानं नवा नियम केला नाही. १९६२ चीच कसोटी काढली आणि विचारलं, हा भत्ता कमीजास्त होतो का, जादा कामाशी जोडलेला आहे का, की त्या वर्गातल्या सगळ्यांना मिळतो? आस्थापनांना यातलं काही कागदावर दाखवता आलं नाही. मूळ वेतनाचाच भाग वर्गणी चुकवण्यासाठी वेगळ्या नावाखाली ठेवला आहे, हा खालच्या अधिकाऱ्यांचा निष्कर्ष कायम राहिला. त्याच वर्षी पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या निकालाबद्दल दोन्ही बाजूंनी भलतंसलतं सांगितलं गेलं. ‘आता सगळ्या भत्त्यांवर पीएफ’ असं कामगारांना सांगण्यात आलं; तसं नाही. घरभाडं कायद्यातच वगळलेलं होतं, आणि खरोखर कामाशी जोडलेला इन्सेंटिव्ह बाहेरच राहत होता. दुसरीकडे कन्सल्टंट मंडळींनी ‘निकाल त्या पाच जणांपुरता’ असं मालकांना समजावलं; तेही नाही. सगळ्यात अवघड प्रश्न होता की हे कधीपासून लागू. निकालात तारीख नव्हती. कसोटी १९६२ ची असेल तर थकबाकीही तितकी जुनी, असा अर्थ निघू शकत होता, आणि त्या वर्षी मार्चअखेरीस पगारखात्यात बसलेल्यांची झोप याच विचारानं उडाली. बऱ्याच कंपन्यांनी एप्रिलपासून स्पेशल अलाउन्स पीएफमध्ये धरला आणि मागचं काढलं नाही. काहींनी नावच बदललं: स्पेशलचा झाला ‘परफॉर्मन्स अलाउन्स’, दर महिन्याला सगळ्यांना सारखाच. न्यायालयानं ज्याला बोट लावलं तेच पुन्हा, नव्या नावानं.

ज्यांचं बेसिक आधीच १५,००० च्या वर होतं त्यांना या निकालानं काही फरक पडला नाही, हे अनेकांच्या लक्षातच आलं नाही. सक्तीची मर्यादा १९५२ मध्ये ३०० रुपये होती. ती चढत चढत २००१ मध्ये ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. त्यावरचं भरणं दोघांच्या मर्जीवर. म्हणजे हा सगळा वाद मुळात कमी पगारवाल्यांचा होता, आणि त्यावर चर्चा करत होते बहुतेक जास्त पगारवाले.

पीएफ सोडून बाकी कायदे आपापल्या व्याख्या घेऊन चालतच होते. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) बहुतेक भत्ते धरायचे. बोनसला बेसिक आणि डीए. ग्रॅच्युइटीलाही तेच, वर्षामागे १५ दिवसांचं, महिना २६ दिवसांचा धरून. ओव्हरटाइमचं मात्र वेगळं: १९४८ च्या कारखाने कायद्यात दुप्पट दर हा बेसिक अधिक भत्ते यांवर होता, फक्त बोनस आणि ओटी सोडून. ‘दुप्पट म्हणजे बेसिकच्या दुप्पट’ हे शॉप फ्लोअरवर इतक्या वेळा सांगितलं गेलंय की कामगार तेच कायदा समजतात. एका माणसाच्या एका महिन्याच्या पगाराचे पाच कायद्यांखाली वेगवेगळे आकडे निघायचे.

हे एका व्याख्येत बसवायचा प्रयत्न म्हणजे २०१९ ची वेतन संहिता. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली ८ ऑगस्ट २०१९ ला, त्या निकालानंतर सहा महिन्यांच्या आत. कामगार कायद्यांच्या बाकी तीन संहिता २०२० मध्ये आल्या आणि चारही प्रत्यक्ष लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. व्याख्येचा गाभा असा की घरभाडं, वाहतूक, ओव्हरटाइम, कमिशन वगैरे वगळलेल्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. आता नाव काहीही द्या, निम्मं तरी वेतन होणारच.

हातातला पगार घटणार अशी हाकाटी लगेच उठली. ज्यांचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो त्यांच्या बाबतीत ती खरी नाही. बदल खरा दिसतो तो ग्रॅच्युइटीत. महिना ४०,००० पगार आणि बेसिक १४,००० असेल तर दहा वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्या हिशेबानं ८०,७६९ रुपये. वेतन २०,००० धरलं तर १,१५,३८५. ठरावीक मुदतीच्या नोकरीवर असणाऱ्यांना पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतरच ती लागू झाली, हेही कमी नाही. मोठ्या आयटी कंपन्यांनी डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत यापोटी एकरकमी तरतूद दाखवली, त्यावरून आजवर काय वाचत होतं याचा अंदाज येतो. नोकरी सोडल्यावर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा, असंही संहितेत आहे. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांत’ असं छापलेली जुनी पत्रं मात्र अजून निघतात.

आणि विशेष भत्ता? संहितेच्या वगळलेल्या रकमांच्या यादीत त्या नावाची नोंदच नाही. काहींच्या मते म्हणूनच तो पूर्णच्या पूर्ण वेतन ठरतो, निम्म्याच्या हिशेबापर्यंत जायची गरजच नाही. इतरांच्या मते सगळे भत्ते एका बाजूला टाकून निम्म्याची रेघ मारली की झालं, आणि नव्या ऑफर लेटरांत बेसिक बरोबर ५० टक्के लिहिलेलं दिसतं ते या दुसऱ्या वाचनावर. वरच्या ४०,००० च्या स्लिपमध्ये घरभाडं ७,००० आणि वाहतूक १,६०० असेल, तर पहिल्या वाचनानं वेतन ३१,४०० होतं, दुसऱ्यानं २०,०००.