बरगे कधी काढणार?

उन्हाळा तापला की पंचगंगेकाठी एकच विचारणा सुरू होते: वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले का? कोल्हापूर पद्धतीचा बंधारा दिसायला साधा. नदीत खांब, खांबांना खाचा आणि पावसाळा सरला की त्या खाचांत बसवायच्या आडव्या फळ्या. हेच बरगे. राधानगरीतून पाणी सुटलं, पण वरच्या गावानं बरगे धरून ठेवले, तर खालचा डोह आटतो. नदीला पाणी असतं, आपल्या मोटारीला नसतं. भांडण पेटतं ते इथं.

गगनबावड्याला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला सुमारे 500. तरीही पाण्यावरून तंटे होतात ते पाऊस कमी म्हणूनच, असं म्हणता येत नाही.

पाण्यासाठी युद्धं होतील का? सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात लगाश आणि उम्मा ही नगरराज्यं सुपीक जमीन आणि कालव्यांवरून लढली. पण ओरेगॉन स्टेट विद्यापीठातले आरन वुल्फ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सामायिक नद्यांचे व्यवहार तपासले, तेव्हा देशादेशांत तंट्यांपेक्षा सहकार्यच जास्त आढळलं. 1960 चा सिंधू करार 1965, 1971 आणि कारगिलच्या लढाईतही टिकला. एप्रिल 2025 मध्ये मात्र भारतानं तो स्थगित केला. वुल्फ यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: नदी झपाट्यानं बदलते आणि वाटपाचे नियम, संस्था मागे पडतात, धोका तिथं असतो.

इचलकरंजीकडे पाहा. शहर वाढलं, पंचगंगा दूषित झाली. वारणेतून पाणी आणायचं ठरलं तर दानोळीकरांनी विरोध केला, दूधगंगेवरून सुळकूड योजना आली तर कागल भागातून विरोध उठला. दोन्ही बाजूंची भीती खरी आहे: शहराला पिण्याच्या पाण्याची, गावांना उभ्या पिकाची.

आता उसाचा हिशेब. या पिकाला हंगामात निदान दीड मीटर उंचीचं पाणी लागतं, म्हणजे एकरी सुमारे 60 लाख लिटर. यातला काही वाटा पाऊस देतो, बाकीचं आपण उपसतो. माणशी रोजचे 135 लिटर धरले, तर एवढ्या पाण्यात सुमारे सव्वाशे माणसांचं वर्ष निघतं. मार्च 2016 मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. पुढच्या महिन्यात आपल्या शेजारच्या मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीत होतं 5 लाख लिटर. एका एकर उसाला अशा 12 गाड्या!

हे शेतकऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. उसाला हमखास दर मिळतो, कारखाना दारात आहे. दुसऱ्या पिकाला तसा आधार मिळत नाही तोवर तो ऊसच लावणार. पण ठिबकनं पाणी बरंच वाचतं, आणि उपसा मोजला तर वाटपाला पाया मिळतो. आज उपसाबंदी लागली की कुणाची मोटार रात्री चालली यावरून गावागावांत संशय धुमसतो. प्रत्येक बंधाऱ्याची रोजची पातळी, धरणातून सुटलेलं पाणी आणि बरगे काढायची तारीख दोन्ही गावांच्या चावडीवर एकाच दिवशी लागली, तर खालच्या गावाला रात्री टॉर्च घेऊन बंधाऱ्यावर जावं लागणार नाही.