द्विअंध चाचणी

औषधाचा किंवा मानसशास्त्रीय उपायाचा परिणाम तपासताना खरा उपाय कोणाला मिळाला व निष्क्रिय कोणाला, हे सहभागी आणि निरीक्षक या दोघांपासूनही गुप्त ठेवणारी प्रयोगपद्धती. फक्त सहभागी अनभिज्ञ असल्यास ती एकांध चाचणी होय.

पद्धतीच्या उगमाबाबत एकमत नाही. पुष्कळदा तिचे मूळ १७८४ साली पॅरिसमध्ये दाखविले जाते. सोळाव्या लुईने नेमलेल्या आयोगाने मेस्मरपंथीयांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची (शरीरातील अदृश्य चुंबकीय प्रवाहाने रोग बरे होतात या दाव्याची) परीक्षा केली, बेंजामिन फ्रँकलिन व लव्हॉझिए त्या आयोगाचे सदस्य होते. डोळे बांधलेल्यांना प्रयोग चालू असल्याचे खोटेच सांगितले, तरी त्यांना झटके आले. नकळत प्रयोग केला, तेव्हा काहीच घडले नाही. मात्र येथे परीक्षकांना सर्व ठाऊक होते. त्यामुळे द्विअंधतेचा मान न्यूरेंबर्ग येथे १८३५ च्या सुमारास झालेल्या होमिओपॅथीच्या चाचणीस देणे अधिक सयुक्तिक वाटते. तीत शंभर कुप्या क्रमांक घालून सरमिसळ केल्या. निम्म्यांत मिठाचे अतिविरल द्रावण व उरलेल्यांत वितळलेल्या बर्फाचे ऊर्ध्वपातित पाणी भरले आणि यादी मोहोरबंद ठेवली. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना काहीही जाणवले नाही.

मानसशास्त्रात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे मद्य व कॅफीन यांच्या थकव्यावरील परिणामांचे संशोधन (१९०८) महत्त्वाचे आहे. चवीवरून ओळख पटू नये म्हणून त्यांनी तशाच चवीची निष्क्रिय मिश्रणे वापरली. वैद्यकाच्या इतिहासात याची दखल पुरेशी घेतली जात नाही. निरीक्षकाचा प्रभाव ऑस्कर फुंग्स्ट यांनी गणिते सोडवतो म्हणून गाजलेल्या बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ या घोड्यावर सिद्ध केला (१९०७) : प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले, की घोडा चुकत असे.

द्विअंधता व यादृच्छिक वाटप (कोण कोणत्या गटात जाईल हे निव्वळ योगायोगाने ठरविणे) या भिन्न गोष्टी आहेत. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनची ब्रिटिश चाचणी (१९४८) कधीकधी द्विअंध म्हटली जाते, ते बरोबर नाही. १०७ रुग्णांचे वाटप बंद लिफाफ्यांतून झाले. परंतु नियंत्रित (तुलनेसाठी औषध न दिलेल्या) गटास केवळ विश्रांती होती, बनावट इंजेक्शने नव्हती. क्ष-किरणचित्रे वाचणाऱ्यांना मात्र रुग्णाचा गट ठाऊक नव्हता. शस्त्रक्रिया व मानसोपचार यांत द्विअंधता राखणे कठीण असते. औषधाच्या ठळक दुष्परिणामांमुळेही गट ओळखू येतो.

भारतात तमिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ मध्ये सुरू झालेली बीसीजी लशीची चाचणी द्विअंध होती. फुप्फुसाच्या क्षयापासून प्रौढांना लशीने संरक्षण मिळाल्याचे तीत दिसले नाही.