मिनिट्सची फसवी पत्रे (कॅलिफोर्निया)

अमेरिकेत छोट्या कंपन्यांच्या मालकांना सरकारी नोटिशीच्या थाटात टपालाने येणारी खासगी विक्रीपत्रे. अमुक कागद कायद्याने सक्तीचा आहे, तो भरून फीसह पाठवा, असा त्यांचा सूर असतो. कॅलिफोर्नियात यातला सर्वांत ओळखीचा नमुना वार्षिक सभेच्या इतिवृत्ताचा, म्हणजे मिनिट्सचा.

खिडकीचे पाकीट, परतीचा पत्ता अनेकदा राजधानी सॅक्रॅमेंटोचा. नीट वाचले तर तो भाड्याच्या टपालपेटीचा निघतो. आत कंपनीचे नाव, नोंदणी क्रमांक आणि स्थापनेची तारीख बिनचूक. खाली भागधारक, संचालक व पदाधिकारी यांच्या नावांसाठी रिकाम्या चौकटी, उत्तराची शेवटची तारीख, कायद्याची दोन-तीन कलमे आणि सव्वाशे-दीडशे डॉलरचा आकडा. क्रमांक बरोबर आहे म्हणूनच माणूस दचकतो. वास्तविक तो सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर कुणालाही फुकट दिसतो.

कलमेही खोटी नसतात, आणि खरी गोम तिथेच आहे. राज्याच्या कॉर्पोरेशन्स कोडनुसार संचालक निवडण्यासाठी भागधारकांची वार्षिक सभा घ्यायची असते (कलम ६००) आणि सभांचे इतिवृत्त ठेवायचे असते (कलम १५००). पण ठेवायचे ते कंपनीच्या दप्तरी. ते सरकारकडे दाखल करायचे नसते, त्यामुळे त्याची सरकारी फी असण्याचा प्रश्नच येत नाही. एकट्याच्या कंपनीत सभेऐवजी लेखी संमतीही चालते : एका पानावर ठराव, तारीख, सही, आणि पान फायलीत. एलएलसीला (भागधारकांऐवजी सदस्य असलेली मर्यादित दायित्वाची कंपनी) तर वार्षिक सभेची सक्तीच नाही. पैसे भरणाऱ्याच्या हाती फार तर काय पडते? त्यानेच चौकटींत लिहून दिलेली नावे घातलेला छापील मसुदा.

इतिवृत्ताला किंमत नाही असे मात्र नव्हे. धनको कोर्टात जाऊन ‘कंपनी नावापुरती आहे, मालकाकडूनच वसूल करा’ असे म्हणतो, तेव्हा कंपनीचा कारभार रीतसर चालला होता का, हे पाहिले जाते. त्यासोबत घरखर्च आणि कंपनीचा खर्च एकाच खात्यातून होतो का, भांडवल पुरेसे होते का, हेही तपासतात. तिथे विकतचा मसुदा फारसा कामी येत नाही.

खरोखर दाखल करायचे असते ते ‘स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन’, म्हणजे कंपनीचा पत्ता, पदाधिकारी वगैरेंचे माहितीपत्रक. कॉर्पोरेशनने दरवर्षी (२५ डॉलर), एलएलसीने दोन वर्षांतून एकदा (२० डॉलर), सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे ऑनलाइन. चुकवले तर २५० डॉलर दंड होऊ शकतो. फ्रँचाइज टॅक्स बोर्डाचा, म्हणजे राज्याच्या करखात्याचा, वार्षिक किमान ८०० डॉलर कर वेगळा.

अशा पत्रांवर सरसकट बंदी नाही. ‘हा सरकारी दस्तऐवज नाही’ असा खुलासा ठळकपणे छापण्याचे बंधन राज्याच्या कायद्यात आहे. टपालाने येणाऱ्या अशा पत्रांसाठी संघराज्याचाही कायदा आहे. खुलासा अनेक पत्रांवर असतोही, पण तारीख आणि रक्कम पाहून घाबरलेली नजर त्यावर ठरत नाही. सरकारी खात्याची बतावणी रोखणारा फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकांची फसवणूक रोखणारी संघराज्याची संस्था) नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

याच जातीची आणखी पत्रे असतात : कॅलिफोर्नियात ५ डॉलरला मिळणारे ‘सर्टिफिकेट ऑफ स्टेटस’ (कंपनीची नोंदणी चालू असल्याचा दाखला) कितीतरी चढ्या दराने देऊ करणारी, किंवा कामगार खाते स्वतः फुकट देते ती भिंतीवरची सूचनापत्रके विकणारी. २०२४ पासून कंपनीच्या खऱ्या मालकांची माहिती फिनसेनला, म्हणजे अर्थखात्याच्या विभागाला, कळवण्याची सक्ती आली, तेव्हा ती भरणेही मोफतच होते. तरी पैसे मागणाऱ्या बनावट पत्रांबद्दल फिनसेनला इशारा द्यावा लागला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना या सक्तीतून वगळण्यात आले.

सल्लागारीसाठी तिथे एकट्याची कंपनी काढणाऱ्या मराठी माणसाला हे पत्र जरा जास्तच खरे वाटू शकते. भारतात प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे वार्षिक विवरण रजिस्ट्रारकडे दरवर्षी भरावेच लागते, आणि एमजीटी-७ च्या नमुन्यात भागधारक, संचालक, सभांच्या तारखा असेच सगळे विचारलेले असते. इतिवृत्ताची वही मात्र इथेही कंपनीच्याच कपाटात राहते.